एकाच सिमचा फोन

४ फेब्रुवारी

विहीणबाई,

नमस्कार. साष्टांग घालण्याइतकी माझी कंबर धड नाही आणि आपल्यात तेवढं गूळपीठही नाही, तेव्हा उभ्या उभ्या केलेला गोड मानून घ्या.

तुमचा तक्ता पोचला. चार रंगांचे चार रकाने आणि वर टपोऱ्या अक्षरात ‘परदेशात मोबाइल डेटा : तुलना’. आमच्या दुकानातले शिंपीकाका चष्मा लावून बराच वेळ त्याच्याकडे बघत होते. त्यांना वाटलं, पडद्यांचं नवीन डिझाइन आलं. हे पत्र त्यांच्याच हाती पाठवते आहे, ते तुमच्या गल्लीवरूनच घरी जातात. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही आणि मी तुम्हाला, त्यापेक्षा हे बरं.

जन्मभर वीज कंपनीत बसून लोकांची बिलं तपासलीत, हे मी समजू शकते. पण निवृत्त झाल्यावर माणूस सुधारत असेल, अशी माझी एक भाबडी समजूत होती. आपण दोघी नातवाला बघायला तीन आठवडे चाललो आहोत, तिकडच्यांशी सगळं तुम्हीच ठरवलंत. त्यासाठी आपल्याच कंपनीचं रोमिंग की विमानतळावरचं सिम, की गावातल्या दुकानातलं सिम, की नुसतं वायफाय, यावर तुम्ही महिनाभर डोकं शिणवलंत. तुमच्यासारखी गिऱ्हाइकं माझ्याकडे रोज येतात. सगळे तागे उलगडायला लावतात, कापड दारात उजेडाला नेऊन बघतात, चिंधी कापून मागतात आणि घरी जाऊन जुनाच पडदा धुऊन लावतात. तुमचे चिरंजीव तुमच्यावरच गेलेत. चहा घेणार का विचारलं तरी ‘बघूया’. लग्नात हार घालायच्या वेळीही ते ‘बघूया’ म्हणतील, अशी मला धास्ती होती.

तक्त्याच्या शेवटच्या ओळीत माझ्यासाठी एक चौकोन मोकळा सोडला आहे. ‘मुलीशी रोज किती मिनिटं बोलणं होतं?’ विहीणबाई, हा काय प्रश्न झाला? आईलेकीचं बोलणं काय विजेसारखं युनिटवर मोजतात? लिहा, भरपूर. आता तिकडे नेटवर्क खराब असतं, त्याला ती काय करणार? माझ्या निरोपांवर एकच टिक दिसते. तिने स्वतःचा फोटोही काढून टाकलाय, तान्ह्या मुलाची आई असल्यावर बायका काढतात. बाळाचे फोटो तुम्ही पाठवलेत, आभारी आहे. माझ्याकडे ते होतेच. फक्त तो पिवळ्या दुपट्यातला नव्हता, आणि अंघोळीचा नव्हता, आणि जांभई देतानाचा नव्हता.

‘जुना नंबर चालू राहील का’ या ओळीत तुम्ही तीन ठिकाणी लाल शाईने ‘नाही’ लिहिलंय, आणि तरी त्यातलंच एक घ्या म्हणून माझ्या मागे लागला आहात. माझा नंबर दुकानाच्या पाटीवर आहे, पिशव्यांवर छापलेला आहे. तो बंद ठेवून माझी गिऱ्हाइकं मी समोरच्याच्या घशात घालू काय? शिवाय तिला तोंडपाठ असलेला नंबर तो एकच. शाळेत असताना, कधी हरवलीच तर सांगता यावा म्हणून मी तो तिच्याकडून घोकून घेतला होता. तिच्या मनात आलं आणि तिने लावला, तर तो लागायला हवा. त्याला जे काय पैसे पडतील ते पडतील.

तेव्हा मी रोमिंग घेणार, त्यातलंही सगळ्यात महाग. तक्ता परत पाठवते आहे. मागची बाजू कोरी आहे, कामाला येईल.

तुमची,
विहीण

१६ फेब्रुवारी

विहीणबाई,

काल तुम्ही मला फसवून त्या मोबाइलवाल्याकडे नेलंत. ‘मला काचेचं कव्हर घ्यायचंय, जरा सोबत चला’ म्हणालात. साठी उलटलेल्या बाईने इतकं खोटं बोलू नये, निदान इतकं वाईट तरी बोलू नये. तुमचे कान लाल होतात.

त्या दुकानात दोन माणसं शेजारी उभी राहिली की तिसऱ्याने श्वास कुठे घ्यावा, अशी अवस्था. तो माणूस गळ्यात दोऱ्याला टाचणी अडकवून बसलेला. सिमचं झाकण उघडायला लागते म्हणे. माझा फोन हातात घेतला आणि मेलेला उंदीर उचलावा तसा दोन बोटांत धरला.

“काकू, याला एकच खाच आहे. जुनं सिम राहील नाहीतर नवीन. दोन्ही नाही बसणार.”

मी म्हटलं, “मग जुनंच राहू दे. विचारलंय कुणी?”

तर तुम्ही मध्ये पडलात. “नाही हो, तिकडे उतरल्यावर त्या नवीनच घालणार आहेत. कसं काढायचं, कसं घालायचं तेवढं दाखवा यांना.”

“मी घालणार नाहीये.”

“अहो, एकदा नवीन नंबरवरून फोन लावून तर बघा!”

“कुणाला लावून बघू?”

त्यावर तुम्ही एकदम त्या माणसाला कव्हरची किंमत विचारलीत. तुमचं हे मला कधीच कळलेलं नाही. भांडण रंगात आलं की तुम्ही भाजीच्या पिशवीत तोंड घालता.

आणि तो शहाणा! फोन चालतो की नाही बघतो म्हणून माझ्या कॉलची यादीच उघडून बसला. तोंडाने वाचायचीही काही गरज नव्हती. “काकू, हा एक नंबर रोज सकाळी लावलाय तुम्ही. एकदाही लागलेला नाही. चुकीचा सेव्ह झालाय का बघा.” लेकीचा नंबर तिच्या आईने चुकीचा लिहून ठेवलाय म्हणे! मी त्याला चांगलं खडसावलं. नेटवर्क नावाची काही चीज असते हे मोबाइलवाल्याला मी सांगावं, म्हणजे कमाल झाली. तुम्ही तेव्हा भिंतीवरची जाहिरात वाचत होतात. त्या जाहिरातीवर एक बाई फोन घेऊन हसत होती, बाकी एक अक्षर नव्हतं.

वाटेत तुम्ही माझा दंड धरलात. ते मला आवडलं नाही. मला रस्ता ओलांडता येतो.

रोमिंग आज सकाळीच घेऊन टाकलं, त्याच माणसाकडून. पॅकची माहिती सांगायला लागला तेव्हा म्हटलं, बाबा, तुझं पुराण नको, पैसे घे. नंबर तोच आहे, तोच राहील. विमानात खिडकीची जागा मला लागते. तुम्ही ढगांचीही तुलना करत बसाल.

तुमची,
विहीण

३ मार्च

विहीणबाई,

हे पत्र दाराखालून सरकवते आहे. भिंतीपलीकडून तुमचं घोरणं ऐकू येत नाही म्हणजे तुम्ही जाग्या आहात आणि मी बोलायला येईन म्हणून पडून राहिला आहात. येणार नाही. जे म्हणायचंय ते इथे लिहिते, म्हणजे तुम्हाला कव्हरची किंमत विचारता येणार नाही.

परवा विमानतळावर तुम्ही मला सामानाच्या दोन गाड्यांपाशी उभं करून सिमच्या रांगेत गेलात. तीन काउंटर होते, तेव्हा तुम्ही तिन्ही ठिकाणी चौकशी करणार हे उघड होतं. मुलं बाहेर येऊन थांबणार होती, पण बाहेर म्हणजे कुठल्या दाराबाहेर? मी तिला फोन लावला. माझ्या फोनवर रोमिंगचा ‘स्वागत आहे’ असा निरोप आला होता, काड्या पूर्ण होत्या. अर्धी रिंग वाजली आणि तुटला. पुन्हा लावला. पुन्हा अर्धी रिंग. माणसं माझ्या दोन्ही बाजूंनी चालली होती, त्यातल्या कुणाला काय विचारणार?

मग तुम्ही आलात, नवीन सिम मिरवत. तुम्ही लावलात आणि तिने लगेच उचलला. “आम्ही पोचलो गं,” असं म्हणालात. तुम्ही फोन ठेवताक्षणी मी माझ्यावरून लावला. अर्धी रिंग. एकाच मुलीचा फोन, एकच जागा, एकच मिनिट. आता नेटवर्कला काय नाव ठेवू?

तुम्ही तुमच्या पट्ट्याच्या पिशवीकडे बघत म्हणालात, “तिने तुमचा नंबर बंद करून ठेवलाय हो. दीड वर्ष झालं.” आणि वर, “म्हणून तर मी तो तक्ता केला.”

म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं. मी रोज सकाळी दुकानाचं कुलूप काढायच्या आधी पायरीवर बसून तो नंबर लावत होते, आणि तुम्ही माझ्याकडून चौकोन भरून घेत होतात! एक वाक्य बोलायचं होतं, विहीणबाई. त्याला कुठलाही पॅक लागत नाही. त्याऐवजी चार रंग आणले, पट्टीने रेघा मारल्या, मोबाइलवाल्यापुढे माझी शोभा केली. नवीन नंबर घेतला की ती अनोळखी समजून उचलेल आणि आई तिच्या कानात शिरेल, हा तुमचा बेत. मी काय चोर आहे, मागच्या दाराने शिरायला?

“तुम्ही ऐकलं असतंत का?” असं तुम्ही विचारलंत. नसतं ऐकलं. तरी सांगायला हवं होतं.

आणि का बंद केलाय म्हणे? बाहेरच्या दाराकडे जाताना तुम्ही हळूच पुटपुटलात तेही मला ऐकू आलं. “तुम्ही रोज सकाळी माझ्या मुलाला नावं ठेवायचात. तो शेजारीच बसलेला असायचा.” अहो, मग मी खोटं काय म्हणत होते? माझी मुलगी दुकानात उभी राहिली तर गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जायचं नाही, कापडाला हात लावून वीण सांगायची. ती इथे येऊन तुमच्या ‘बघूया’साठी डबे भरते. मी म्हणत होते, परत ये, दुकान तुझं आहे. एवढंच म्हणत होते. रोज म्हणत होते कारण एकदा सांगून तिला कळत नव्हतं. पण ज्या मुलाला मी नावं ठेवली त्याची आई तुम्ही, आणि माझा फोन लागावा म्हणून तक्ते तुम्हीच करता! स्वाभिमान म्हणून काही असतो की नाही माणसाला?

तुम्हाला ती आई म्हणते. मला काही म्हणत नाही. काल तिने तुम्हाला विचारलं, “त्यांना टॉवेल दिला का?” मी टॉवेलच्या शेजारी उभी होते. जेवताना “त्यांना अजून वाढा” हे ती तुमच्या चिरंजिवांना सांगते. बाळ रडलं तर तुमच्याकडे देते. तुम्ही ते माझ्या मांडीवर ठेवलंत तेव्हा ती स्वयंपाकघरात गेली आणि भांडी घासायला लागली. स्वच्छ होती ती भांडी, मी पाहिली होती. खिडकीच्या पडद्याची शिवण उसवली आहे, हात शिवशिवतात माझे. सुईदोरा मागितला तर उत्तर आलं, तेही तुमच्यामार्फत, “असू दे म्हणावं.”

जावयांनी वायफायचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला आहे. घरभर चालतं, फुकट. तुमचा चौथा रकाना, ज्यावर तुम्ही काट मारली होतीत. मी इतके पैसे मोजून जो नंबर चालू ठेवला, त्यावर सकाळपासून दोन फोन आले. एक बाई खिडकीची मापं घ्यायला कधी येता विचारत होती, आणि एकाला कर्ज द्यायचं होतं.

दिवा बंद करा आता. फटीतून दिसतो.

विहीण

१२ मार्च

विहीणबाई,

तुमची चिठ्ठी दाराखालून आली. म्हणजे तुम्हालाही ही खोड लागली. ‘स्टेशनजवळचं दुकान, तिसरा रकाना, लहान पॅक पुरेल. पासपोर्ट मागितल्याशिवाय बाहेर काढू नका.’ माझ्या पानभर पत्राला हे उत्तर! मनुष्यस्वभावाची एक नवीनच जात तुम्ही काढली आहे, कितीही बोला, अंगाला काही चिकटतच नाही.

मी जाणार नाही. मी तिच्याच घरात, तिच्यापासून दोन पावलांवर उभं राहून, परक्या नंबरवरून फोन लावायचा? जावयांच्या जुन्या सायकलीशेजारी मला खाट दिलीय, त्यावर पडून मी तिचं सगळं बोलणं ऐकते. बाळाशी बोलते, तुमच्याशी बोलते, नर्सचा फोन आला की इथल्या भाषेत बोलते. कुरिअरवाल्याशीसुद्धा हसून बोलते. माझ्या वाट्याला काय, तर भिंत.

काल जावई माझ्यासाठी चहा घेऊन आले. दाराशी उभे राहिले, आणि म्हणाले, “साखर कमी टाकलीय. पुढच्या वेळी वाढवायची का?” मी म्हटलं, “बघूया.” ते हसले. मला हसायचं नव्हतं.

परतायला दहा दिवस राहिले. तुम्ही तेवढं मनातल्या मनात मोजत बसू नका, मला माहीत आहे.

विहीण

१७ मार्च

विहीणबाई,

तुम्ही बाळाला घेऊन डॉक्टरकडे गेलात तेव्हाचं सांगते. जावई गाडी चालवत होते, लेक घरी होती कारण तिला झोप हवी होती, आणि मी घरात असले की तिला झोप येत नाही. हे कुणी बोललं नाही, मला कळतं. म्हणून मी बाहेर पडले. फिरायला, असं कुणाला सांगायचं तर कुणीच नव्हतं, म्हणून दार हळू ओढून घेतलं.

स्टेशनपर्यंत गेले. तुमच्या त्या दुकानात एक मुलगी होती, नखं निळी, च्युइंगम चघळत होती. मी पाटीकडे बोट दाखवलं. तिने लगेच तीन कागद पुढे मांडले, यात इतका डेटा, यात इतकी मिनिटं, यात दोन्ही पण दिवस कमी. तुमची भाची शोभली असती. मी आपल्या भाषेत म्हटलं, “ज्यातून फोन लागतो ते दे बाई.” काय समजली कोण जाणे, मधलं दिलं. तुमचा लहान पॅक नव्हता तो. पासपोर्ट मी आधीच काढून ठेवला होता, मुद्दाम.

झाकण उघडायची टाचणी तिच्याकडेही होती. जुनं सिम बाहेर आलं तेव्हा ते इतकं चिमुकलं निघालं की मला रागच आला. एवढ्याशासाठी माझा जीव टांगणीला होता! तिने ते चिकटपट्टीने एका कागदाला लावून दिलं. दुकानाच्या पाटीवरचा नंबर त्या क्षणी बंद झाला. समोरच्या पडदेवाल्याने आज दिवाळं काढलं माझं असं समजा.

रस्त्यात मी नाही लावला. त्यांच्या इमारतीखाली ते कपडे धुवायचं दुकान आहे ना, मोठमोठी मशिनं फिरत असतात, तिथे बाकावर बसले. आत एक म्हातारा मोजे शोधत होता. मी लावला. रिंग पूर्ण वाजली, विहीणबाई. आधी एक, मग आणखी एक. मला धडधडायला लागलं, आणि मला त्याचा राग आला. स्वतःच्या मुलीला फोन करताना घाम फुटावा अशी वेळ मी कधी आणली होती?

तिने उचलला. इथल्या भाषेत काहीतरी म्हणाली. गोड आवाजात. हा आवाज ती परक्यांना देते.

मी म्हटलं, “मी बोलतेय.”

आता तुटणार म्हणून मी फोन कानावर घट्ट दाबला, जसं काही दाबल्याने तो राहणार होता.

“कुणाचा नंबर आहे हा?”

“माझा.”

“तुझा तर तो दुसरा आहे.”

“काढला.”

“काढला म्हणजे?”

“एकच सिम बसतं माझ्या फोनला. जुनं काढलं.”

तो म्हातारा मशीनमध्ये डोकं घालून अजून मोजा शोधत होता. मला सांगायचं खूप होतं. दुकानाचं होतं, पडद्याच्या शिवणीचं होतं, आणि तुमच्या चिरंजिवांबद्दल दोन शब्द अगदी ओठावर आले होते. चांगले नव्हते. मी ते गिळले. त्यात काही मोठेपणा नाही, तिने फोन ठेवला असता एवढंच.

“दुकानाचं काय मग?” ती म्हणाली. “लोक फोन करतील.”

“करू देत.”

“शिंपीकाकांना तरी कळवलंयस का?”

“नाही.”

“म्हणजे कुणाला न सांगता नंबर बंद करून मोकळी झालीस. कमाल आहे तुझी. आधी विचार करायचा नाही, करून मोकळं व्हायचं. आणि आहेस कुठे? बॅग नेलीस का? थंडी आहे बाहेर, स्वेटर खुंटीला दिसतोय तुझा. तुला काय वाटतं, तू पडलीस आजारी तर मी बाळाला बघू की तुला?”

विहीणबाई, ती बोलत सुटली. काय तोंड आहे! एक वाक्य संपायच्या आत दुसरं, श्वास नाही, उसंत नाही, समोरच्याला काडीची किंमत नाही. मी त्या बाकावर बसून सगळं ऐकून घेतलं. इतकं ऐकून घ्यायची मला सवय नाही. मध्ये तिने मला मूर्खही म्हटलं, बहुतेक. गाडी गेली त्यामुळे नीट ऐकू आलं नाही, नाहीतर पुन्हा म्हणायला लावलं असतं.

मग ती थांबली. दीड वर्षाचं बोलून झालं होतं की नुसतीच दमली होती, मला सांगता येत नाही. मी तुझ्या खालीच आहे, असं म्हटलं. त्यावर ती म्हणाली, “मग येताना दूध आण. निळ्या झाकणाचं. तारीख बघून घे.”

आणि फोन ठेवला नाही.

मीही ठेवला नाही. तसाच कानाला लावून कोपऱ्यावरच्या दुकानात गेले, एका हाताने दूध घेतलं, पैसे दिले, ती बाई काहीतरी म्हणाली, मी मान हलवली. पलीकडून तिच्या घरातले आवाज येत होते. नळ, खुर्ची सरकल्याचा आवाज, कपाट उघडल्याचा. आम्ही दोघी एक शब्द बोलत नव्हतो. लिफ्टमध्ये आवाज तुटेल म्हणून मी जिन्याने आले, माझ्या या कंबरेने. प्रत्येक मजल्यावर थांबत होते आणि ती माझं धापा टाकणं ऐकत होती. चिडून “हळू” म्हणाली एकदा.

वर पोचले तर बेल वाजवायला हात मोकळा नव्हता. दार तिने आतून उघडलं. तिचाही फोन कानालाच होता.

तुम्ही आलात तेव्हा मी पडदा शिवत बसले होते आणि तुम्ही माझ्याकडे बघून डोळे पुसलेत, तो प्रकार पुन्हा करू नका. आणि एक. तो फोन किती वेळ चालू होता आणि त्याचे किती पैसे झाले, हे तुम्ही शोधून काढाल, तुमच्याने राहवणार नाही. मला सांगू नका.

विहीण